गाडीचा एकच कोपरा खाली बसत असेल तर कंप्रेसरचे पैसे देऊ नका

इंदूरमध्ये एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे वाचाच.

आमची सेकंडहँड जर्मन एसयूव्ही सकाळी मागून उजवीकडे बसलेली दिसायची. स्टार्ट केली की मिनिटाभरात वर यायची. देवास नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकूनही न बघता निकाल दिला, "भिया, कंप्रेसर गया." ६८ हजार घेतले. महिन्याभरात गाडी पुन्हा बसली आणि या वेळी उठेचना.

यातली मेख बघा. या गाड्यांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी बेलो असतो. कंप्रेसर हवा देतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती बेलोंना वाटतो, आणि गाडी किती खाली आली ते हाइट सेन्सर कळवतात. म्हणून मागे माणसं-सामान लादलं तरी गाडी पातळीत राहते, खड्ड्यांत दणके कमी बसतात. बाबांच्या कमरेसाठीच ती घेतली होती. पण कंप्रेसरचं काम गाडी उचलायचं. रात्री बंद गाडीचा एकच कोपरा खाली येतो, तेव्हा त्या चाकाचा बेलो, पाइप नाहीतर व्हॉल्व्ह हवा सोडत असतो. आणि आमची तर सकाळी मिनिटात उठत होती! म्हणजे जुना कंप्रेसर धडधाकट होता.

बसगाड्यांची हवेची कामं करण्यात हयात गेलेल्या एका काकांनी बेलोच्या घडीवर साबणाचं पाणी मारलं. बारीक बुडबुड्यांची रांगच उठली. रबर वयाने तडकणारच. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहम या एअर सस्पेन्शनवाल्या अमेरिकन गाडीच्या कित्येक मालकांनीही गळतीला कंटाळून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. आमची गळती तशीच राहिली आणि ती भरून काढता काढता 'नवा' कंप्रेसर जळला.

तोही कसला नवा! नखाने खरवडला तर काळा रंग निघाला, खाली गंज, बोल्टच्या भोकांभोवती पान्याचे जुने ओरखडे. बिलावर नुसतं 'एअर पंप', पार्ट नंबर नाही. आमचा जुना परत मागितला, तर "भंगार में गया." मला विचाराल तर तो आज दुसऱ्या कुणाच्या गाडीत 'नवा' म्हणून चालतोय.

तेव्हा गॅरेजला जाण्याआधी रात्री सपाट जागी गाडी लावा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना टेपने मोजा. सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोजा, फोटो काढा. साबणपाणी तुमच्यासमोर मारायला लावा. स्टँड लावल्याशिवाय बसलेल्या गाडीखाली हात मात्र घालू नका. काढलेला पार्ट ताब्यात घ्या.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे कळवल्यापासून गॅरेजवाला "आधे ले लो" वर आलाय. मी पूर्ण मागतोय.