शोला घोडा नेत असाल तर हे नोजबँड गेज घ्याच

नोजबँड म्हणजे लगामातला घोड्याच्या नाकाभोवती आवळायचा पट्टा, आणि गेज म्हणजे तो किती घट्ट आहे ते बघायची साधी प्लॅस्टिकची निमुळती पट्टी, एक बोट आणि दोन बोटं अशा खुणा असलेली. नोजबँडखाली नाकाच्या हाडावर सरकवायची, दोन बोटांच्या खुणेपर्यंत गेली तर ठीक, अडली तर पट्टा सैल करायचा, बस एवढंच. पण हेच बोटांनी करायला गेलं की लोक गालाजवळच्या मऊ जागेत बोटं घालतात आणि "जातायत की" म्हणून मोकळे, हाडावर मात्र नखसुद्धा शिरत नसतं.

तबेल्यातल्या एका घोड्याचा पट्टा बघायला ठीकठाक वाटत होता, गेज पहिल्या खुणेपर्यंतही पोचलं नाही. दोन भोकं सोडल्यावर लगेच त्याने जबडा हलवला, जीभ फिरवली, बिट (लगामाची तोंडातली दांडी) चघळायला लागला. पट्ट्याखाली केस दबून पडलेली आडवी रेघ बघून खूप वाईट वाटलं. 2017 च्या अभ्यासात आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांत 750 घोड्यांचे पट्टे मोजले, दोन बोटं जागा फक्त 7 टक्क्यांना होती, 44 टक्क्यांना शून्य! एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) स्पर्धांत 2025 पासून पट्टा मोजायचं उपकरण आलंय, शोइंगच्या, म्हणजे घोड्याची ठेवण आणि चाल बघून क्रमांक देणाऱ्या स्पर्धांच्या रिंगबाहेरही स्टुअर्डच्या (नियमांवर लक्ष ठेवणाऱ्याच्या) हातात ते हवंच.

आता हे गेज काय करत नाही ते पण सांगते. डबल ब्रायडलची (दोन बिटांच्या लगामाची) कर्ब चेन, म्हणजे हनुवटीखालची साखळी, किती आवळलीय किंवा रायडरचा हात किती जड आहे हे त्यातून कळत नाही. आणि पाठीवरचं वजन तर नाहीच. त्यासाठी वेगळी वेट टेप (घोड्याच्या वजनाचा अंदाज देणारी मोजपट्टी) घ्या आणि सॅडल धरून हिशोब करा. घोड्याच्या वजनाच्या 20 टक्के ही वरची मर्यादा बरेच जण मानतात, म्हणजे 300 किलोच्या पोनीवर सॅडलसकट 60 किलो, आणि वॉर्मअपला लहान मुलाच्या पोनीवर मोठी माणसं बसून त्याला गोल गोल फिरवतात तेव्हा हा हिशोब कोण करतं? घोड्यांच्या डॉक्टर स्यू डायसन यांच्या पाहणीत सहा घोडे आणि कमी जास्त वजनाचे चार रायडर होते, त्यात जड रायडरांच्या सगळ्या फेऱ्या लंगडणं किंवा दुखण्याची लक्षणं दिसल्यामुळे मधेच थांबवाव्या लागल्या. ब्रिटनमधल्या शोइंगच्या बऱ्याच क्लासमध्ये (स्पर्धेच्या गटांत) तर जजही घोड्यावर बसून बघतात, त्यांचंही वजन मोजायला हवं, यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

गेजला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण खुणा फिकट आहेत, पहाटे तबेल्यात नीट दिसत नाहीत.