जिप्सीला २१५/७५ आर१५ टायर: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

मारुती जिप्सीचा कंपनीचा टायर २०५/७० आर१५, म्हणजे रुंदी २०५ मिमी, बगलेची उंची त्याच्या ७० टक्के, रिम १५ इंची. पांदणीच्या खोल चाकोरीत गाडी पोटावर टेकते, म्हणून बरेच जण थेट २३५/७५ घेतात. विदर्भात २१५/७५ पुरतो. मूळ रिमवर बसतो आणि बोलेरोचाच साइज असल्यामुळे तालुक्याच्या टायरवाल्याकडे सहज मिळतो. २३५ पूर्ण वळणावर पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना घासतो, आणि १.३ लिटरच्या इंजिनाला तो जडच.

व्यास ६६८ वरून सुमारे ७०४ मिमी होतो. म्हणजे गाडी १८ मिमी उचलली जाते. फार नाही, पण डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा) चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला घासायचं कमी होतं. काट्यावर ६० असताना खरा वेग ६३. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे अ‍ॅव्हरेजचा आकडा १.०५ ने गुणा. नाहीतर टायरला उगाच शिव्या बसतात. पाचव्या गिअरची ओढ मात्र खरंच कमी होते.

चिखलात रुंदीपेक्षा नक्षी महत्त्वाची. काळी माती बारीक खाचांत एकदा भरली की टायर गुळगुळीतच. मोठ्या खाचांचा टायर माती फेकत राहतो, पण डांबरीवर घुमतो. पांदणीत चिखलाखाली मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून त्यावर टेकतो. ओल्या वावरात खाली तसलं काहीच नसतं. तिथे फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ) लावूनही गाडी रुतते. वाफसा येईस्तोवर धुऱ्यावरच थांबवा.

टायरवाले बोलेरोच्या सवयीने ३५ पौंड हवा भरून देतात. टनभराची जिप्सी त्यावर उड्या मारते, मधली नक्षी आधी झिजते. डांबरीवर २४ ते २६, चिखलात १८. पंधराच्या खाली ट्यूबलेसची कड रिमवरून सुटू शकते. उन्हाळ्यात हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

खरा वैरी तुरीचं धसकट. विळ्याने तिरपं कापलेलं खुंट टायरच्या बगलेत घुसतं, आणि बगलेचा पंक्चर भरवशाने निघत नाही. म्हणून बगल जाड असलेला टायर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

स्टेपनीही त्याच साइजची हवी. जुनी लहान स्टेपनी लावून फोर बाय फोर चालवली तर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी गिअरपेटी) ताण येतो. नवी स्टेपनी जड असते. मागच्या दाराचे बिजागर-बोल्ट अधूनमधून आवळा.