'फील्ड ऑफ ड्रीम्स' की 'द नॅचरल'?

बेसबॉलची परीकथा एकच बघायची असेल तर मी 'फील्ड ऑफ ड्रीम्स' (1989) सांगेन, पण जरा कुरकुरतच. आयोवातला शेतकरी कुठला तरी आवाज ऐकतो, उभा मका आडवा करतो आणि तिथे मैदान बनवतो. डोक्यावर कर्ज, तरी बायको 'कर' म्हणते! (आमच्याकडे असं झालं असतं तर दुसराच आवाज ऐकू आला असता.) त्या मैदानावर खेळायला येणारं जुन्या काळच्या खऱ्याखुऱ्या खेळाडूचं, शूलेस जो जॅक्सनचं, भूत सिनेमात अगदी धुतल्या तांदळासारखं. प्रत्यक्षात 1919च्या सामना-निश्चिती प्रकरणात पैसे घेतल्याचं त्याने ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे) कबूल केलं होतं. शिवाय खरा जो डावखुरी बॅटिंग करायचा, पडद्यावरचा रे लिओटा उजव्या हाताने करतो.

मग येतो डॉक्टर ग्रॅहम. हा माणूस खरंच 1905मध्ये एकच सामना खेळला आणि त्याला बॅटिंग मिळालीच नाही. सिनेमात तो पुन्हा तरुण होऊन खेळतोय, तेवढ्यात एका मुलीच्या घशात घास अडकतो. परत फिरता येणार नाही हे ठाऊक असून तिला वाचवायला तो मैदानाची कड ओलांडतो आणि पुन्हा म्हातारा डॉक्टर (बर्ट लँकेस्टर) होतो. इथे मी विरघळलो. शेवटची शेतकरी आणि त्याच्या वारलेल्या बापाची झेलाझेली मात्र ठरवून रडवणारी.

'द नॅचरल' (1984) जास्त देखणा. वीज पडलेल्या झाडाची बॅट, दिवे फोडणारा फटका, रँडी न्यूमनचं संगीत. पण बर्नार्ड मालामडच्या मूळ कादंबरीत नायक शेवटी स्ट्राइकआउट होतो, म्हणजे चेंडू न मारताच बाद. सिनेमाने त्याला जिंकवून गोष्टीचा कणाच काढला. तो फटका तेवढा यूट्यूबवर बघा.