घरी बांधलेलं टर्बो इंजिन : अकरा महिने आणि १४,००० किलोमीटरनंतर

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्याच रात्री हा अनुभव लिहायला बसले होते. तेव्हा लिहिलं नाही ते बरं झालं, कारण त्या रात्री पिस्टन, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा आलेख यापलीकडे काही सुचलं नसतं. आज १४,००० किलोमीटरनंतर ज्या कामांचं मोल कळतंय, त्यातली बहुतेक बॉनेट उघडल्यावर दिसतही नाहीत.

गाडी १९९९ ची माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची. १.८ लिटरचं, बीपी मालिकेचं इंजिन: बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ८३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८५ मिमी, १८३९ सीसी, कॉम्प्रेशन ९.५:१, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. मुळात साधारण १४० हॉर्सपॉवर. माझ्याकडे आली तेव्हा ती तेल पीत होती आणि दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरलं होतं, म्हणजे इंजिन खोलणं आलंच. खोलायचंच आहे तर टर्बो पेलेल असं बांधू, असं ठरलं. ८४ मिमीचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन (त्यामुळे आता १८८४ सीसी), कॉम्प्रेशन ९:१, पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारे फोर्ज्ड एच-बीम रॉड, हेड ब्लॉकला आवळणारे एआरपी कंपनीचे स्टड, ऑइल पंपाचे अखंड स्टीलमधून कापलेले गिअर, कुलंटचा बदललेला मार्ग, लहान टर्बो, त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक). बोअरिंग (सिलिंडर मोठा करणं), हॉनिंग (तो दगडाने घासून अचूक मापाला आणणं), ब्लॉकचा माथा सपाट करणं आणि क्रँकचं बॅलन्सिंग मशीन शॉपमधून करून घेतलं. बाकी सगळं घरच्या गॅरेजमध्ये, मी आणि ताईने. तीन महिन्यांत होईल म्हटलं होतं, सात लागले.

त्या सात महिन्यांतला मोठा वाटा मोजमापात गेला. फोर्ज्ड पिस्टन २६१८ मिश्रधातूचे आहेत. त्यात सिलिकॉन अगदी कमी असतं, त्यामुळे ते चिवट असतात, नॉकचा, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याचा फटका सहन करतात; पण तापल्यावर जास्त फुगतात. म्हणून बोअरमध्ये त्यांना मोकळी जागा जास्त लागते. माझ्या पिस्टनसोबत आलेल्या कागदावर ०.०९ मिमी लिहिलं होतं. मशीन शॉपमधून ब्लॉक आला तेव्हा एक, दोन आणि चार नंबर बरोबर होते. तीन नंबर ०.०७ भरला.

दोन शतांश मिलिमीटर. आधी वाटलं माझंच चुकलं. ८४ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १० अंशांच्या फरकाने जवळपास ०.०२ मिमी वाढतो, आणि मी पिस्टन दुपारी मोजले होते, ब्लॉक रात्री. म्हणून सगळं एका जागी रात्रभर ठेवलं आणि सकाळी मायक्रोमीटर नि बोअर गेजने पुन्हा मोजलं. तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी. तीन नंबर तरीही घट्टच. मशीन शॉपवाल्यांचं म्हणणं पडलं की एवढ्याने काही होत नाही, चालवून बसेल. मी आकड्यांचा तक्ता पुढे ठेवला आणि ब्लॉक परत हॉनिंगला दिला. या वेळी टॉर्क प्लेट लावूनच हॉनिंग करा असा आग्रह धरला. हेड आवळलं की बोअरचा गोलपणा किंचित बिघडतो. जाड स्टीलची प्लेट त्याच टॉर्कने आवळून हॉनिंग केलं, तर हेड बसल्यावर बोअर गोल राहतो. यात तीन आठवडे गेले. आज चारही सिलिंडरच्या लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून किती निसटते ते पाहतात) गळती ५ टक्क्यांच्या आत आहे आणि तीन नंबर इतरांहून वेगळा ओळखू येत नाही. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्या तीन आठवड्यांचं आहे.

बेअरिंगचंही तसंच. जर्नल म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग: मेन ५० मिमीचे, रॉडचे ४५. व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट ठेवायची हा जुना ठोकताळा, म्हणजे मेनला ०.०५ आणि रॉडला ०.०४५ च्या आसपास. एका मेनला फट जास्त निघाली, तिथे वेगळ्या जाडीचा शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) घालून ती जमवली. प्लॅस्टिकच्या धाग्याने फट मोजण्याची पद्धत मी करून पाहिली. चूक पकडायला ती ठीक आहे, पण निर्णय घ्यायला बोअर गेजच हवा. पैसे वाचवायचे असतील तर टर्बोचा आकार लहान घ्या; मोजायची हत्यारं चांगलीच घ्या.

पिस्टनभोवतीच्या रिंगची टोकं घासून फट वाढवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. वरची ०.४२, दुसरी ०.४६ मिमी. टर्बोमुळे रिंग जास्त तापते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा वरचा काठच उचकटतो. थोडी जास्त राहिली तर जरासा ब्लो-बाय, म्हणजे रिंगवरून खाली निसटणारा वायू वाढतो, एवढंच. त्यामुळे इथे मी मुद्दाम सैल बाजूला राहिले.

ताईने एक वही केली होती. प्रत्येक बोल्ट, त्याचा टॉर्क, त्याला कोणतं वंगण लावलं आणि पुढे एक खूण. मी पान्हा लावायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, तिने लिहायचं. मला सुरुवातीला हे जरा जास्तच वाटलं होतं. एका रात्री मी चार नंबरच्या रॉडचा दुसरा बोल्ट आवळला असं धरून पुढे निघाले, तेव्हा ती म्हणाली, “थांब गं, याच्यापुढे खूण नाहीये.” बोल्ट हातानेच बसवलेला होता. त्या वेळी आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. वंगणाची नोंदही तितकीच महत्त्वाची, कारण बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला फार मोठा भाग नुसत्या घर्षणात जातो. वंगण बदललं की त्याच टॉर्कला बोल्टवरचा ताण बदलतो. एआरपीच्या स्टडला त्यांचंच वंगण आणि त्यासाठीचाच आकडा वापरला. रॉडचे बोल्ट तर टॉर्कवर न सोडता किती ताणले गेले ते मोजून आवळले.

हॉनिंगनंतरची धुलाई हा विषय लोक एका ओळीत उडवतात. बोअरमध्ये दगडाची बारीक पूड राहते आणि पेट्रोलने किंवा डिझेलने ती नीट निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग लगेच कोरडं करून तेलाचा हात. पांढरं फडकं फिरवलं की ते पांढरंच निघायला हवं. माझं आठव्या धुण्यानंतर निघालं.

आता अपग्रेडबद्दल, वापरून झाल्यावरचं मत.

कुलंटचा मार्ग बदलणं हे या गाडीतलं सर्वांत मोलाचं काम. हे इंजिन मुळात आडवं बसवायच्या, पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं. त्या गाड्यांत पंप इंजिनाच्या एका टोकाला आणि गरम पाण्याची वाट हेडच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे पाणी चारही सिलिंडरवरून वाहत जातं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं बसलं आणि थर्मोस्टॅट पुढे, पंपाच्याच बाजूला आला. मागच्या चार नंबरकडे प्रवाह कमी. साध्या गाडीला ते पुरतं, टर्बोला नाही. थर्मोस्टॅट मागे नेला. हेड आणि मागच्या पत्र्यामधल्या त्या अरुंद जागेत हात सोलवटून निघाले, पण आज चारही स्पार्क प्लग एकाच रंगाचे निघतात आणि लांब चढावर तापमान जागचं हलत नाही.

ऑइल पंपाचे गिअर कुणाला दाखवताही येत नाहीत. हा पंप क्रँकच्या नाकावरच बसतो, त्यामुळे क्रँकची प्रत्येक थरथर त्याच्या गिअरपर्यंत पोचते. जास्त आरपीएम आणि नॉक यात धातूची पूड दाबून-भाजून बनवलेला मूळ गिअर तडकू शकतो, आणि तेलाचा दाब गेला की बाकीच्या महागड्या सामानाला काही अर्थ उरत नाही. इंजिन खोललेलंच आहे आणि हे बदललं नाही, असं कुणी सांगितलं तर मला खरंच वाईट वाटतं. सोबत आकडे दाखवणारं ऑइल प्रेशर गेजही लावाच. या गाडीचा मूळ काटा आतून नुसत्या स्विचवर चालतो. दाब आहे किंवा नाही, एवढंच त्याला कळतं. गरम इंजिनाला आयडलवर १.४ बार आणि ५,००० आरपीएमला ४.६ बार हे माझे आकडे अकरा महिन्यांत बदललेले नाहीत.

फोर्ज्ड पिस्टनचा एक स्वभाव आधी कुणी सांगितला असता तर पहिल्या आठवड्यात झोप उडाली नसती. थंड असताना ते बोअरमध्ये डोलतात आणि टक-टक आवाज येतो. दोन-तीन मिनिटांत पिस्टन फुगले की आवाज बंद. तोवर मी गाडी अगदी हलक्या पायाने चालवते.

पहिल्या दिवशी स्पार्क आणि पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर फिरवला, दाब दिसल्यावरच सुरू केलं. साधं मिनरल तेल, अर्ध्या तासाने बदललं, पुन्हा ३०० किलोमीटरला. आयडलवर रेंगाळत ठेवलं नाही. रिंग बोअरला दाबल्या जायला सिलिंडरमध्ये दाब लागतो, म्हणून पहिल्याच फेरीत मध्यम भार द्यायचा आणि सोडायचा, असं पुन्हापुन्हा. १,००० किलोमीटरनंतर तेल पिणं जवळपास थांबलं.

खरी घोडचूक झाली ती दुसऱ्या महिन्यात. डिपस्टिक काढली तर तेलाला पेट्रोलचा वास, आणि पातळी खाली जाण्याऐवजी वर गेलेली. इंजेक्टर गळतोय असं समजून चारही काढून तपासले. ठीक होते. चार दिवस मी ईसीयूच्या नोंदी चाळत होते. साध्या चालवण्यात ईसीयू सतत पेट्रोल वाढवत होता, कारण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचं सांगत होता. प्लग मात्र काळे. शेवटी थंड गाडी नुकतीच सुरू केल्यावर टर्बोनंतरच्या फ्लँजजवळ (एक्झॉस्ट नळीच्या जोडाजवळ) हात धरला तेव्हा धुगधुग लागली. एक नट सैल झाला होता. तिथल्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, पुढचा सेन्सर तो ऑक्सिजन पाहून मिश्रण पातळ समजत होता, आणि ईसीयू बिचारा सांगितल्याप्रमाणे पेट्रोल ओतत होता. जास्तीचं पेट्रोल बोअरवरचं तेल धुऊन खाली सम्पमध्ये, तेलाच्या टाकीत उतरत होतं. आणखी महिनाभर लक्ष गेलं नसतं तर तेवढ्या निगुतीने मोजलेल्या बेअरिंगांनी पातळ तेलावर किती तग धरला असता, याचा विचार अजूनही नको वाटतो. तेल लगेच बदललं, फ्लँजला लॉकिंग नट लावले. तेव्हापासून दर आठवड्याला डिपस्टिकचा वास घेते आणि दर १,००० किलोमीटरला एक्झॉस्टचे सगळे नट तपासते.

ट्यूनिंग मी स्वतः केलं नाही. ईसीयू बसवणं, वायरिंग, सुरू होण्यापुरता नकाशा (किती पेट्रोल, कधी ठिणगी याचा ईसीयूमधला तक्ता), इथपर्यंत घरी. बूस्टखालचं (टर्बोच्या वाढीव दाबाखालचं) इग्निशन एका अनुभवी ट्यूनरने डायनोवर, नॉक ऐकत ठरवलं. हा खर्च टाळू नका असं मी हात जोडून सांगेन. ०.८ बार बूस्टला चाकांवर २१८ हॉर्सपॉवर मिळाली, पूर्ण भाराला लॅम्डा ०.८० च्या जवळ, म्हणजे मिश्रणात पेट्रोल मुद्दाम जास्त. इंजिन याहून जास्त सोसेल. पाच गिअरचा मूळ गिअरबॉक्स सोसणार नाही, म्हणून ३,५०० आरपीएमच्या खाली बूस्ट मुद्दाम कमी ठेवला आहे. चालवताना हेच फार आवडलं. गाडी ढकलल्यासारखी उसळत नाही, ४,००० नंतर एकसलग ओढत ७,००० पर्यंत जाते, आणि वळणातून बाहेर पडताना मागची चाकं किती जोर घेतायत ते पायाखाली कळतं.

गैरसोयी आहेत. बॉनेटखालची उष्णता खूप वाढली. ब्रेकच्या नळ्यांवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी लागली. गर्दीत हळू चालताना पेट्रोल पूर्वीपेक्षा स्पष्ट जास्त लागतं. तेल दर ५,००० किलोमीटरला बदलावं लागतं. या इंजिनात व्हॉल्व्हची फट शिमने, म्हणजे मोजक्या जाडीच्या चकतीने जमवायची असते, इनटेकला ०.१८ ते ०.२४ आणि एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३४ मिमी, थंड असताना. १०,००० ला तपासली तेव्हा एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह खालच्या टोकाला आले होते, शिम बदलले. आणि गाडी वापरता येत नाही असे सात महिने गेले. रोजची एकच गाडी असेल तर हे काम काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या रविवारी तेल बदललं. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उजेडात उलगडल्या, चुंबक फिरवला. चमचम काही नाही. ताईने वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिले. पुढच्या पानावर तिने क्लच असं लिहून ठेवलंय, कारण चौथ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टला तो आता जरासा घसरायला लागला आहे.