सबवूफर १४ महिने वापरल्यावर : अँप गेला म्हणाले, दोष निघाला टीव्हीच्या केबलमध्ये

हा अनुभव खरं तर सहा महिन्यांपूर्वीच लिहायचा होता, राहून गेला. आता लिहितोय कारण मागच्या महिन्यात डोक्याला प्रचंड ताप झाला आणि ७,४०० रुपये थोडक्यात वाचले. मॉडेल वगैरे सांगत बसत नाही, १० इंची, हवेसाठी भोक असलेला (पोर्टवाला), पाठीमागे अँप म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट असलेला नेहमीचा सबवूफर, म्हणजे फक्त खालचा जाड आवाज वाजवणारा स्पीकर, ५.१ रिसीव्हरला (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा डबा) जोडलेला. घर नेरूळला, सिडकोची जुनी बिल्डिंग, हॉल १४ बाय १०.

तर झालं असं की एका रात्री टीव्ही म्यूट, गाणं बंद, तरी सबवूफरमधून घूंऽऽऽ चालू. फ्रीजचा आवाज असतो ना तसा, पण जाड. दिवसा रस्त्याच्या आवाजात कळत नाही, रात्री मात्र झोपायच्या खोलीपर्यंत येतो. वॉरंटी १ वर्षाची, ती संपून २ महिने झालेले. सर्व्हिस सेंटरला फोन केला, व्हिजिटचे ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९०. माणूस आला, पाठीमागचा गेनचा (आवाज कमीजास्त करायचा) नॉब फिरवला, घूं कमीजास्त झाली, लगेच म्हणाला अँपची प्लेट गेली, नवीन ७,४०० ला पडेल. अख्खा सबवूफर मी १८,५०० ला घेतलाय हो! मी म्हटलं दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, तर दुसरा आला, परत ५९० घेतले, परत तेच उत्तर. दोघांपैकी एकानेही सिग्नलची केबल काढून बघितली नाही, याचा मला अजून राग आहे. दुसऱ्याने तर जाता जाता सांगितलं की थ्री पिनची वरची जाड पिन काढून टाका, कधीकधी आवाज जातो. कृपा करून हे कोणी करू नका. ती अर्थिंगची पिन आहे, आत काही शॉर्ट झालं तर करंट तुमच्या अंगातून जाण्याऐवजी तिथून जावा म्हणून ती असते, आणि माझ्या घरात ४ वर्षांची मुलगी आहे.

शेवटी एका रविवारी मीच बसलो. पहिल्यांदा आरसीए केबल, म्हणजे रिसीव्हरकडून सबवूफरला सिग्नल आणणारी वायर, सबवूफरच्या बाजूने काढली. घूं एकदम बंद. म्हणजे अँप ठणठणीत होता, आवाज वायरीतून आत येत होता. आणि विचार केला तर हे नॉबवरूनच कळायला हवं होतं, नॉबने घूं कमीजास्त होते म्हणजे ती नॉबच्या आधीच कुठेतरी शिरतेय. (केबल सबवूफरच्याच बाजूने काढा, रिसीव्हरच्या बाजूने काढून लोंबकळत ठेवली तर ती वायरच अँटेनासारखी घूं पकडते आणि मग काहीच कळत नाही.) परत जोडली, परत घूं. मग रिसीव्हरला जोडलेलं एकेक काढत गेलो. एचडीएमआय काढून उपयोग झाला, पण फक्त सेट टॉप बॉक्सची. मग ती परत लावून बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढली आणि हॉल शांत झाला. इतका शांत की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

कारण समजून घेतलं ते लिहितो, कारण जुन्या बिल्डिंगमध्ये हे कोणालाही होऊ शकतं. केबलवाल्याच्या वायरीतली धातूची जाळी दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली (जमिनीला जोडलेली) असते, आमच्याकडे जिन्यातल्या त्याच्या बॉक्सपाशी. सबवूफर अर्थ होतो आपल्या घरातल्या थ्री पिनमधून. या दोन अर्थमध्ये थोडा फरक असला की जाळी, सेट टॉप बॉक्स, एचडीएमआय, रिसीव्हर, आरसीए, सबवूफर असं मोठं वर्तुळ तयार होतं आणि त्यातून बारीक करंट फिरतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनं, आणि ५० हर्ट्झ वाजवणं हेच तर सबवूफरचं काम, तो बिचारा मन लावून वाजवतो. टीव्हीच्या स्पीकरला तेवढा खालचा आवाज काढताच येत नाही म्हणून तिथे कळत नाही. मग १३ महिने का नव्हता हा आवाज? कारण मे महिन्यात केबलवाल्याने आमच्या विंगची वायर बदलली आणि जिन्यात नवीन अँप्लिफायर बसवला. तारखा जुळवल्यावर हे लक्षात आलं.

उपाय म्हणजे त्या गोल वायरीत बसवायचा छोटा आयसोलेटर, सिग्नल जाऊ देतो पण अर्थची साखळी तोडतो. नेरूळ, वाशीत विचारलं, दुकानदारांना काय मागतोय तेच कळेना. मग कुर्ला, दादर बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्याच दुकानात मिळाला, १८० रुपये. घरी येऊन लावला, घूं गायब, चॅनल सगळे व्यवस्थित. ७,४०० कुठे आणि १८० कुठे.

आता सबवूफर स्वतः कसा आहे. पहिले ३ महिने मी सगळ्यांना सांगत होतो की घेऊ नका. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला होता, कारण दुकानात तसाच ठेवलेला होता. कुठलंही गाणं लावा, एकच सूर ढूम ढूम. बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, ती आली की खिडकीची काच थरथरायची आणि बाकीचे सूर कुठे गेले कळायचं नाही. बाबांना तबला ऐकायचा असतो, डग्ग्याची मींड सगळी चिखल व्हायची. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन गेल्या, फडताळातली भांडी वाजतात म्हणून.

ते मत मी साफ बदललंय. दोष खोलीचा होता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटरच्या थोडं वर, तेवढ्या लांबीत ४० हर्ट्झची अर्धी लाट बरोब्बर बसते. त्यामुळे ४० हर्ट्झ फुगतो, आणि कोपऱ्यात ठेवलं की सगळ्यात जास्त फुगतो. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, तिथेही तोच फुगवटा. सोफा हलवायला जागा नाही, म्हणून सबवूफर हलवला. रीत अशी की सबवूफर सोफ्यावर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, बेसवालं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐकत जायचं, जिथे सूर वेगवेगळे ऐकू येतील तिथे तो न्यायचा. मी आणि बायको दोघांनी केलं, आणि तिनेच आधी पकडलं की चपलांच्या कपाटाजवळ आवाज मोकळा होतोय. ती जागा लांब भिंतीच्या जवळपास मध्यावर येते, तिथून तो ४० चा फुगवटा फार उठत नाही. ५ मीटरची केबल लागली, ४५० रुपये, पण डग्गा आता डग्ग्यासारखा वाजतो. बाबा त्या संध्याकाळी जेवायला उठेनात.

काकूंची तक्रारही थांबली, जाड रबरी मॅटने थोडी मदत झाली, पण मुख्य फरक जागेचा. रात्री १० नंतर मी तो तसाही बंदच ठेवतो.

सेटिंगमध्ये माझी मोठी चूक म्हणजे रिसीव्हरमध्येही क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ आणि सबवूफरच्या नॉबवरही ८०. दोनदा गाळणी लागते आणि पुरुषांचा आवाज पोकळ होतो. रिसीव्हर असेल तर सबवूफरचा नॉब पूर्ण वर, काम रिसीव्हरला करू द्या. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये बाकीचे स्पीकर मात्र 'स्मॉल' करा, नाहीतर त्यांच्या वाट्याचा खालचा आवाज सबवूफरकडे जातच नाही. सेटिंगच्या माईकने मोजल्यावर रिसीव्हर सबवूफरचं अंतर ४.९ मीटर दाखवतो आणि टेपने २.६ भरतं, तेही सुधारायला जाऊ नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्याने त्यात धरलेला असतो. फेजचं (सबवूफरची हालचाल उलटी करायचं) बटण दोन्हीकडे करून बघा, बसायच्या जागी बेस जिकडे भरदार तिकडे ठेवा.

एक गोष्ट अजून आवडत नाही, ऑटो स्टँडबाय, म्हणजे आवाज नसला की आपोआप बंद होणं. हळू संवादाचा सिनेमा असला की २० मिनिटांनी झोपतो आणि मग दणका आला की अर्ध्या सेकंदाने जागा होतो. रिसीव्हरमधली सबवूफरची लेव्हल वाढवली आणि सबवूफरचा गेन तेवढाच कमी केला, आता बराच कमी झोपतो.

जोडणी नीट केली तर १८,५०० ला घ्यावा असंच सांगेन. दुसऱ्या व्हिजिटचे ५९० मी परत मागितलेत, तीन मेल झाले, शेवटचा सोमवारी पाठवलाय, त्यात आयसोलेटरचं बिल आणि दोन्ही वेळच्या रिपोर्टचे फोटो जोडलेत.