मुलांच्या कॉम्प्युटरला मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी लावून आठ महिने झाले, माझा अनुभव

आमच्या हॉलमध्ये दिवाणाशेजारी एक डेस्कटॉप आहे, विंडोज ११ वाला. मिस्टरांचं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचं काम, हिशोबासाठी म्हणून घेतला होता पण शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तो पोरांच्याच ताब्यात असतो. थोरली १० वर्षांची, धाकटा साडेसहा. मी बरेच दिवस समजत होते की फोन हातात दिला नाही म्हणजे आपण मुलांना सांभाळलं, कॉम्प्युटर काय, हॉलमध्ये सगळ्यांसमोर तर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी आत भाकरी थापत होते आणि थोरलीनं बाहेरून विचारलं, मम्मी आपला पिनकोड काय गं? मी सांगितला पण, ४१६४१५. सांगून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की हिला आत्ता पिनकोड कशाला पाहिजे. पिठाच्या हातानंच बाहेर आले. फुगे फोडायचा साधा गेम, फुकटातल्या कुठल्यातरी साइटवरचा, आणि बाजूला बारीक अक्षरात चॅटचा डबा. समोरच्यानं विचारलेलं कितवीत आहेस, कुठं राहतेस, घरी कोण कोण असतं, आणि हिनं सरळ मनानं सांगली विश्रामबाग असं टाइप केलेलं. पिनकोडचे पहिले तीन आकडे टाकून झाले होते. बोट अजून ६ वरच होतं. तिचं काही चुकलं नव्हतं, पाहुण्यांनी विचारलं तर नीट उत्तर द्यायचं हे आम्हीच शिकवलंय की. मी ओरडले नाही, फोटो काढून ठेवला, गेम बंद केला आणि तिला जवळ घेऊन बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही. (असं काही पुढं गेलंच तर लहान मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे आणि सायबर गुन्ह्याची तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते, दोन्ही माहीत असू द्या.)

दुसऱ्या दिवशी बघितलं तर कॉम्प्युटरवर एकच अकाउंट, त्याला पासवर्ड नाही, आणि पोरं त्याच अ‍ॅडमिन अकाउंटवर, म्हणजे ज्यातून कॉम्प्युटरच्या सगळ्या सेटिंग बदलता येतात त्यावर, सगळं वापरतायत. ज्या दुकानातून घेतला त्यांनी असाच चालू करून दिला होता आणि आम्हीही कधी विचारलं नाही. दुकानवाल्यांना माझं कळकळीनं सांगणं आहे की घरात लहान मुलं आहेत का एवढं तरी विचारत जा, दहा मिनिटांचं काम असतं हो.

मग भाच्याला बोलावलं, तो इंजिनिअरिंगला आहे, आणि दोघांनी बसून मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी लावलं, म्हणजे मुलांनी किती वेळ बसायचं आणि कुठल्या साइट बघायच्या हे आईबापांनी ठरवायची सोय. हे फुकट आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. प्रत्येक मुलाचं वेगळं मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढायचं, ते आपल्या फॅमिली ग्रुपमध्ये घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटनं लॉगिन करायला लावायचं. आपलं अकाउंट अ‍ॅडमिन आणि त्याला पासवर्ड पाहिजेच, नाहीतर बाकी सगळं करून उपयोग शून्य, पोरं सरळ आपल्याच अकाउंटमध्ये शिरतात. आणि पासवर्ड लग्नाची तारीख किंवा गाडीचा नंबर नको, पोरांना ते पाठ असतं. सगळं मिळून आम्हाला तासभर लागला.

वेळेचं बंधन मला सगळ्यात आवडलं. वाराप्रमाणे ठरवता येतं, आमच्याकडं शाळेच्या दिवशी ५ ते ८ च्या मध्ये १ तास आणि रविवारी २ तास. वेळ संपत आली की स्क्रीनवर सूचना येते, मग त्यांचं अकाउंट लॉक होतं, पण आपल्या अकाउंटला काही होत नाही, मिस्टरांचा हिशोब चालू राहतो. मुलाला अजून वेळ पाहिजे असेल तर तिथूनच विनंती पाठवता येते आणि ती माझ्या फोनवर येते. आधी रोज संध्याकाळी माझा आवाज चढायचा, उठ आता उठ आता म्हणून सासूबाई पण वैतागायच्या. आता मी एकदा मारुती रोडला भाजी घेत असताना थोरलीची विनंती आली, फोन करून विचारलं तर प्रोजेक्टचं चित्र अर्धं राहिलेलं, तिथूनच वेळ वाढवून दिला आणि विषय संपला.

आता वेबसाइटच्या फिल्टरचं, इथं नीट लक्ष द्या कारण बऱ्याच जणांची इथंच गल्लत होते. हा फिल्टर फक्त मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमध्ये काम करतो. क्रोम वगैरे नेहमीचे दुसरे ब्राउझर तो आपोआप अडवतो, पण शाळेच्या कामाला लागतंय म्हणून आपण क्रोमला परवानगी दिली की तिथं हा फिल्टर लागत नाही, मग मोठं दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होतं. एजमध्ये लपून बघायची जी इनप्रायव्हेट खिडकी असते ती पण बंद होते, ते चांगलं आहे.

धाकट्यासाठी आम्ही दुसरा पर्याय घेतला, फक्त परवानगी दिलेल्याच साइट उघडायच्या. त्याच्या यादीत यूट्यूब किड्स, दीक्षा, ई-बालभारती आणि चित्रं रंगवायची एक साइट, बास. एखादं पान दुसरीकडून व्हिडिओ आणत असेल तर ते अर्धवट उघडतं, मग ती दुसरी साइटही यादीत घालावी लागते, पहिला आठवडा हे सारखं करत बसावं लागलं. साडेसहा वर्षांच्या पोराला चार साइट पुष्कळ झाल्या असं माझं स्पष्ट मत आहे. थोरलीला मात्र अशी यादी पुरत नाही, तिला शाळेचं काहीतरी शोधायचं असतं, म्हणून तिला साधा फिल्टर. तो अश्लील साइट अडवतो, पण फुगे फोडायच्या गेमशेजारचा चॅटचा डबा त्याला ओळखू येईल असं समजू नका. असल्या साइट दिसतील तशा आपणच नाव टाकून ब्लॉक करायच्या.

यूट्यूबच्या बाबतीत पण तसंच. फिल्टर यूट्यूब एकतर अख्खं उघडतो नाहीतर अख्खं बंद करतो, आत कुठला व्हिडिओ चाललाय ते त्याला कळत नाही. त्यासाठी यूट्यूबचाच रिस्ट्रिक्टेड मोड चालू करायचा, आणि लहानांना यूट्यूब किड्स. भारतात ते २०१६ पासून आहे आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर पण चालतं हे मला आत्ता आत्ता कळलं. त्यात ४ पर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२ असे वयाचे गट आहेत, सर्च बंद करता येतं, आणि आपण निवडलेलेच व्हिडिओ दाखव असंही सांगता येतं.

भाच्यानं अजून एक केलं, वायफायच्या राउटरमध्ये डीएनएस (साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ टाकला. हा पण फुकट, २०२० पासून आहे, घाणेरड्या आणि व्हायरसवाल्या साइट तो नावावरूनच अडवतो आणि घरातल्या वायफायवर जे जे जोडलंय त्या सगळ्याला लागू होतो, टीव्हीला पण. मात्र कोणी मोबाईलचा हॉटस्पॉट दिला की हे लागू होत नाही. राउटरचा मूळ पासवर्ड पण बदलून घ्या.

आता रिपोर्टबद्दल. दर आठवड्याला ईमेल येतो, मुलांनी काय सर्च केलं, कुठल्या साइटवर गेली, किती वेळ बसली. सुरुवातीला मी तो चोरून बघायचे, मुलांना सांगितलंच नव्हतं. जानेवारीत एका रिपोर्टमध्ये थोरलीचं सर्च दिसलं, पिरियड म्हणजे काय, आणि त्याच्या खाली, पिरियड आल्यावर दुखतं का. मी कितीतरी वेळ फोन हातात धरून नुसती बसले. वर्गातल्या एका मुलीला शाळेत पाळी आली होती आणि आमची घाबरली होती, पण तिनं मला विचारलं नाही, कॉम्प्युटरला विचारलं. मला वाईट याचं वाटलं की मी गुपचूप वाचलं नसतं तर मला कळलंही नसतं, आणि गुपचूप वाचलंय म्हणून तिच्याशी बोलायचं तरी कसं. शेवटी गच्चीवर कपडे काढताना तिला खरं तेच सांगितलं, की मला असा रिपोर्ट येतो, मी वाचते, आणि तुला आधी सांगायला पाहिजे होतं. ती रुसली, दोन दिवस कॉम्प्युटरला बसलीच नाही. तिसऱ्या दिवशी रात्री अंथरुणात येऊन तिनं एकेक विचारायला सुरुवात केली, साडेअकरापर्यंत आम्ही दोघी बोलत होतो.

तेव्हापासून रिपोर्ट रविवारी सकाळी पोह्याच्या बशा घेऊन आम्ही एकत्र बघतो, धाकट्याला तर कुठल्या दिवशी किती मिनिटं झाली ते वाचायला फार आवडतं. तुम्ही लावणार असाल तर मुलांना शेजारी बसवून लावा, मी आठ महिन्यांत शिकलेली ही एकच गोष्ट सेटिंगच्या कुठल्याच पानावर लिहिलेली नाही. आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत नेऊ नका.

५ पैकी ४ देते. एक कापला तो फिल्टर एजपुरताच आहे म्हणून. विश्रामबाग किंवा शंभर फुटी रोडच्या बाजूला कोणाला लावताना अडलं तर विचारा, मी येऊन लावून देईन, चहा पाजा फक्त.