सिएराचा डिफ, एमएक्स-5 चे हब आणि मधले शाफ्ट करून देणारं वर्कशॉप: माझा अनुभव

आधी गाडीचं सांगतो, त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही. इथे कॉव्हेंट्रीत घरामागच्या गॅरेजमधे गेली चार वर्षं लोटस सेव्हनच्या धर्तीची किट कार (सुटे भाग जोडून घरी बांधायची गाडी) बांधत होतो. कोणीतरी अर्धवट सोडलेलं काम विकत घेतलेलं, चॅसीत फोर्ड सिएराचा 7 इंची डिफ (डिफरन्शियल, इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) आधीच बसवलेला. पण सिएरा 1993 ला बंद झाली, भंगारवाल्यांकडे आता ती दिसतसुद्धा नाही आणि जे मागचे हब (चाक ज्यावर बोल्टनी लागतं तो भाग) मिळतात ते गंजून गेलेले. त्यामानाने माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे 1989 ते 2005 मधल्या, त्यांचे मागचे अपराइट (हब आणि बेअरिंग धरून ठेवणारा भाग) इथे अजून सहज आणि स्वस्तात मिळतात. म्हणून ठरवलं की डिफ फोर्डचा राहू दे, चाकाकडचं सगळं माझदाचं घेऊ. पुढची चाकंही मग माझदाच्या हबवर घेतली, कारण फोर्डच्या हबचं बोल्ट सर्कल (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 108 मिमी आणि एमएक्स-5 चं 100, पुढे-मागे वेगळे रिम घेऊन कुठे फिरणार.

प्रश्न होता तो मधल्या शाफ्टचा, म्हणजे डिफपासून चाकापर्यंत जाणाऱ्या, दोन्ही टोकांना वळता सांधा (जॉइंट) असलेल्या दांडीचा. सिएराच्या शाफ्टचं टोक माझदाच्या हबात जात नाही आणि माझदाच्या शाफ्टचा आतला जॉइंट सिएराच्या डिफला लागत नाही. सुरुवातीला मी एका दुसऱ्याच ठिकाणी गेलो होतो, त्यांनी सुचवलं की सिएराचेच हब ठेवा, भोकात बुश (धातूची कडी) घालून त्यात माझदाचं बेअरिंग दाबून देतो. मी हो म्हणालो आणि ती माझी मोठी चूक झाली. चाक लावून वर-खाली हलवलं तर हाताला प्ले (सैलपणा) जाणवत होता. नंतर समजलं ते असं, एमएक्स-5 चं मागचं बेअरिंग डबल-रो, म्हणजे गोळ्यांच्या दोन ओळींचं आहे, त्याच्या आतल्या दोन रिंगा शाफ्टचा नट आवळला की एकमेकींवर घट्ट बसतात आणि बाहेरची रिंग अपराइटमधे पुरती दाबून बसलेली असायला लागते, तेव्हाच प्रीलोड (बेअरिंग सैल राहू नये म्हणून दिलेला ठरावीक दाब) बरोबर येतो. सिएराचा हब टेपर रोलर (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या) बेअरिंगांचा, त्याचं गणितच वेगळं. बुश थोडा जरी सैल असला तरी बेअरिंग घरात फिरायला लागतं. ते सगळं काढून फेकलं, दोन बेअरिंगं आणि दोन महिने वाया गेले.

मग एका ओळखीच्या माणसानं मिडलंड्समधल्याच या छोट्या ड्राइव्हशाफ्ट वर्कशॉपचा पत्ता दिला. तिघंच जण काम करतात, त्यातले वयस्कर गृहस्थ सगळं बघतात. फोनवर मी किंमत विचारली तर त्यांनी किंमत सांगितलीच नाही, उलट मलाच विचारलं, डिफचे शाफ्ट बोल्टनी लागतात का ढकलून सर्क्लिपवर (खाचेत अडकणाऱ्या स्प्रिंगच्या कडीवर) बसतात? सिएरात दोन्ही प्रकार येतात, माझा सहा बोल्टांचा. मग म्हणाले, स्प्रिंग काढा, चाक पूर्ण खाली लोंबत असताना, गाडी नेहमीच्या उंचीवर असताना आणि चाक पूर्ण वर दाबलेलं असताना, तिन्ही वेळेला डिफच्या फ्लॅन्जपासून (शाफ्टचे बोल्ट लागतात त्या चकतीपासून) हबच्या आतल्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. मी नुसतं मधलं माप पाठवलं तर परत मोजायला लावलं! तेव्हा थोडा राग आला होता, पण त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. आतला जॉइंट आत-बाहेर सरकतो, पण ठरावीकच. शाफ्ट लांब झाला तर चाक वर जाताना जॉइंट तळाला टेकतो आणि तो सगळा धक्का डिफच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो, आखूड झाला तर चाक लोंबताना जॉइंट सुटायला येतो. माझ्याकडे डावीकडे 11 मिमीचा फरक निघाला, उजवीकडे 9, आणि डिफ मधोमध नसल्यामुळे दोन शाफ्टांच्या लांबीत 14 मिमीचा फरक.

त्यांची पद्धत मला फार पटली. सिएराचा लोब्रो जॉइंट (आत-बाहेर सरकणारा आतला जॉइंट) सिएराच्या डिफवरच, माझदाचा बाहेरचा जॉइंट माझदाच्या हबात आणि माझदाच्या बेअरिंगवरच, नवीन करायची ती फक्त मधली दांडी. दोन गाड्या जिथे भेटतात ती जागा दांडीत हवी, बेअरिंगमधे नाही, हे त्यांनी मला हातात जॉइंट देऊन समजावलं. दोन्ही टोकांचे दात वेगळे, आणि दातांची संख्या जुळली म्हणून भागत नाही, व्यास आणि दाताचा कोनही जुळावा लागतो, म्हणून त्यांनी माझे चारही जॉइंट खोलून ठेवून घेतले आणि दात त्यावरच जुळवले. जुने शाफ्ट कापून मधे नळी वेल्ड करणं त्यांनी साफ नाकारलं, कारण मूळ शाफ्ट वरून कडक केलेला असतो आणि वेल्डच्या उष्णतेनं तो कडकपणा नेमका तिथेच जातो. नवीन दांडी ईएन-24 या मजबूत मिश्र पोलादाची. जाडी 25 ऐवजी 27 मिमी केली, ऐकायला दोनच मिमी पण पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनात वाढते, म्हणजे सव्वापट. मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात काकांच्या लेथवर सुट्ट्या काढलेल्या, त्यामुळे टर्निंगचं काम बघितलं की कळतं. दातांच्या मुळाशी त्रिज्या इतकी स्वच्छ सोडलेली की मी शाफ्ट दोन दिवस टेबलावर ठेवून नुसता बघत होतो.

नवीन बेअरिंगंही त्यांच्याकडेच दाबून घेतली. अपराइटमधे बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब, हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार, हे कोणी उलटं केलं तर दाब गोळ्यांमधून जाऊन रिंगांवर खळगे पडतात आणि पहिल्याच दिवसापासून घरघर सुरू. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली, शाफ्ट घालून नट 216 ते 294 न्यूटन मीटरमधे आवळल्याशिवाय गाडी चाकांवर उतरवायची नाही, गॅरेजमधल्या गॅरेजमधे ढकलायची पण नाही, कारण आतल्या रिंगांना धरून ठेवणारं तोपर्यंत काहीच नसतं. तसंच ढकलायची वेळ आली तर जुना बाहेरचा जॉइंट कापून नुसतं त्याचं टोक घालून नट आवळा म्हणाले.

ज्यांचा डिफ पण एमएक्स-5 चाच आहे त्यांनी निवांत राहू नये, सुरुवातीच्या 1.6 लिटर इंजिनवालीचा डिफ 6 इंची, नंतरच्या 1.8 लिटरवालीचा 7 इंची, बाहेरचं टोक एकाच हबात जातं पण आतला फ्लॅन्ज वेगळा. एकाच नावाच्या दोन गाड्यांतून माल घेतला तरी फसायला होतं.

आता नावडलेलं. तीन आठवडे सांगितले आणि पाच लागले, मधे त्यांनी स्वतःहून एकदाही फोन केला नाही. एका बुटाची (जॉइंटवरच्या रबरी आवरणाची) क्लिप मोठी निघाली, ग्रीस फेकलं गेलं, ती मी बदलली. दोन दांड्यांचे 460 पाउंड घेतले, बेअरिंग दाबायचे वेगळे 60, स्वस्त नाही. पण आता गाडी तपासणीत पास होऊन 1400 मैल झाली, वेल्सच्या डोंगरात सुद्धा जाऊन आली, टाळी वाजवल्यासारखा आवाज नाही, हबला हात लावला तर कोमट, प्ले शून्य. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

जाणार असाल तर चारही जॉइंट धुऊन न्या, मापं दोन्ही बाजूंची लिहून न्या, आणि शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी दातांचं मशीन बंद असतं.